तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्याच तुकड्यांतून नवं जनुक होतं कसं?

उत्क्रांतीवर बोलणं झालं की एक प्रश्न हमखास येतो. विचारणारे कधी बारावीचे विद्यार्थी असतात, कधी जीवशास्त्राचे शिक्षक, कधी नुसते चौकस वाचक. प्रश्न असा: "उत्परिवर्तन म्हणजे डीएनएतलं एखादं अक्षर बदलणं, हे कळलं. पण अक्षरं बदलून आहे तेच जनुक फार तर थोडं वेगळं होईल. अगदी नवं जनुक येतं कुठून? जुन्या जनुकांचे तुकडे एकमेकांना जोडले जाऊन येतं म्हणावं, तर अशा अंदाधुंद जोडण्यांतून कचराच निघायला हवा. मग कामाचं प्रथिन निघतं कसं?"

कचरा निघतो, आणि भरपूर निघतो. बहुतेक जोडण्या वायाच जातात. पण त्या वाटतात तितक्या अंदाधुंद नसतात. जनुकाची घडणच अशी आहे की घाव बहुधा बिनकामाच्या जागी पडतो, आणि हलणारा तुकडा बहुधा आधीच कसाला उतरलेला असतो. तुकडे जुळणं त्यामुळे फारसं अवघड राहत नाही. जुळलेल्या तुकड्यांचं वाचन व्हावं, ते योग्य पेशीत व्हावं आणि त्यातून निघालेल्या प्रथिनाला काही काम मिळावं, हे अवघड.

आधी घडण पाहू. माणसाचं, माशीचं, मक्याच्या पेशीकेंद्रातलं बहुतेक जनुक सलग नसतं. १९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी अ‍ॅडिनोव्हायरसवर काम करताना हे दाखवलं. १९९३ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. प्रथिनाचा मजकूर ज्यांत असतो ते तुकडे म्हणजे एक्झॉन, आणि त्यांच्या मधले, पुढे कापून टाकले जाणारे भाग म्हणजे इंट्रॉन. ही दोन्ही नावं वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९७८ साली एका छोट्याशा लेखात दिली. जनुक असं तुकड्यांत असल्यामुळे एक्झॉनांची नवी जुळणी सोपी जात असावी, हेही त्यांनी तिथेच सुचवलं.

आकडे पाहिले की मुद्दा लक्षात येतो. माणसाचा एक एक्झॉन साधारण दीडशे अक्षरांचा. इंट्रॉन मात्र हजारो अक्षरांचे, काही तर लाखाच्या वर. जनुकात कुठेही घाव पडला तरी तो इंट्रॉनमध्ये पडण्याचीच शक्यता दांडगी. मग एका जनुकाचा अर्धा इंट्रॉन दुसऱ्या जनुकाच्या अर्ध्या इंट्रॉनला कसाही ओबडधोबड जोडला गेला, चारदोन अक्षरं गळाली, दहापाच जास्तीची घुसली, तरी फारसं बिघडत नाही. एमआरएनए, म्हणजे जनुकाची प्रथिन बनवण्यासाठी काढलेली कामचलाऊ प्रत, तयार होताना कापून जोडणारी यंत्रणा, म्हणजे स्प्लाइसोझोम, इंट्रॉनच्या सुरुवातीचं 'जीटी', शेवटचं 'एजी' आणि त्यांच्या जवळपासच्या काही खुणा ओळखते आणि मधलं सगळं गाळून टाकते. डीएनएतला सांधा ढिसाळ असला तरी एमआरएनएतला सांधा अक्षराला अक्षर चोख बसतो. हे नीट समजलं की अर्धी शंका तिथेच मिटते.

उरलेली अर्धी शंका वाचनचौकटीची. प्रथिन बनताना तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द वाचला जातो. इंट्रॉन दोन शब्दांच्या बरोबर मध्ये असेल तर त्याची फेज ०, शब्दाच्या पहिल्या अक्षरानंतर असेल तर फेज १, दुसऱ्यानंतर असेल तर फेज २. एखाद्या एक्झॉनच्या दोन्ही बाजूंच्या इंट्रॉनांची फेज सारखी असेल, तर त्या एक्झॉनची लांबी आपोआप तिनाच्या पटीत येते. असा एक्झॉन उचलून त्याच फेजच्या दुसऱ्या एखाद्या इंट्रॉनच्या पोटात ठेवला, तर पुढचं वाचन जराही ढळत नाही.

फेज जुळली नाही तर? चौकट एका किंवा दोन अक्षरांनी सरकते. ६४ शब्दांपैकी ३ शब्दांचा अर्थ 'थांबा' असा आहे, तेव्हा भलत्या चौकटीत सरासरी एकविसाव्या शब्दाच्या आसपास वाचन थांबतं. न थांबता सलग १०० शब्द वाचले जाण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. शिवाय असा अकाली 'थांबा' शेवटच्या एक्झॉन-सांध्याच्या साधारण ५०-५५ अक्षरांहून अलीकडे आला, तर पेशी तो एमआरएनएच बहुधा नष्ट करते. फसलेली जोडणी त्यामुळे बऱ्याचदा मुकाट्याने संपते. अर्धवट प्रथिनांचा ढीग साचून पेशी मरते असं क्वचितच होतं. उत्क्रांतीला इतके प्रयत्न परवडतात ते यामुळेच, आणि पाठ्यपुस्तकांत या गोष्टीला हवी तितकी जागा मिळत नाही असं मला वाटतं.

उदाहरण म्हणून रक्ताची गुठळी विरघळवणारं प्रथिन घ्या: टीपीए, टिश्यू प्लाझ्मिनोजेन अ‍ॅक्टिव्हेटर. मेंदूच्या झटक्यात 'अल्टेप्लेज' या नावाने जे इंजेक्शन देतात ते हेच. प्लाझ्मिनोजेन नावाचं प्रथिन कापून ते जागं करतं, आणि जागं झालेलं प्लाझ्मिनोजेन गुठळी विरघळवतं. टीपीए ५२७ अमिनो आम्लांचं आहे आणि सुरुवातीपासून पाहत गेलात तर त्यात ओळीने पाच भाग दिसतात. पहिला 'फिंगर', तो फायब्रिनला, म्हणजे गुठळीच्या धाग्यांना, धरतो. मग ईजीएफ या वाढीच्या घटकासारखा छोटा भाग. मग दोन 'क्रिंगल', म्हणजे तीन-तीन गंधक-पुलांनी बांधलेले वेढे. शेवटी कापण्याचं काम करणारा प्रोटिएज. यातला एकही भाग टीपीएच्या मालकीचा नाही. फिंगर फायब्रोनेक्टिनमध्ये आहे, क्रिंगल प्रोथ्रॉम्बिन आणि प्लाझ्मिनोजेनमध्ये आहेत, ईजीएफ तर कितीतरी प्रथिनांत आहे, आणि प्रोटिएज पचनातल्या ट्रिप्सिनच्या घराण्यातला. जनुक उघडून पाहिलं की या भागांच्या शिवा इंट्रॉनांवर पडलेल्या दिसतात: फिंगरला एक एक्झॉन, ईजीएफला एक, प्रत्येक क्रिंगलला दोन. आणि प्रत्येक भागाच्या बाहेरच्या कडेचे इंट्रॉन फेज १ चे. हंगेरीचे लास्लो पॅथी यांनी १९८० च्या दशकात हा नमुना रक्त गोठवणाऱ्या आणि गुठळी विरघळवणाऱ्या अनेक प्रथिनांत दाखवून दिला. एकदा फेज १-१ चे तुकडे एका घराण्यात रुळले की त्यांची आपसांत कशीही अदलाबदल झाली तरी चौकट मोडत नाही.

हे भाग खरोखर सुटे चालतात याचा पुरावा औषधाच्या कुपीत मिळतो. 'रेटेप्लेज' बनवताना टीपीएतले फिंगर, ईजीएफ आणि पहिला क्रिंगल काढून टाकले. उरला दुसरा क्रिंगल आणि प्रोटिएज, मिळून ३५५ अमिनो आम्लं. एवढी काटछाट करूनही प्रथिन नीट घडी घेतं आणि प्लाझ्मिनोजेन कापतं. फिंगर गेल्यामुळे फायब्रिनवरची पकड सैल होते. दुसरीकडे रक्तातून ते सावकाश निघून जातं, म्हणून हृदयविकाराच्या झटक्यात १० युनिटचे दोन डोस अर्ध्या तासाच्या अंतराने देऊन भागतं, तासदीडतास सलाइनमधून सोडत बसावं लागत नाही. एक भाग काढला की नेमका त्याचाच गुण वजा होतो, बाकीचे गुण जागेवर राहतात. भाग जोडतानाही हाच हिशेब लागू पडतो.

आता तुकडे हलतात कशाने ते पाहू. एक मार्ग पुनरावृत्तींचा. आपल्या जनुकसंचात 'अ‍ॅलू' नावाच्या सुमारे तीनशे अक्षरी तुकड्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती विखुरलेल्या आहेत. बीजपेशी बनताना गुणसूत्रांची देवाणघेवाण होते, तेव्हा दोन वेगळ्या जागचे अ‍ॅलू एकमेकांसमोर आले तर सांधा भलतीकडे पडतो आणि मधले एक्झॉन दुप्पट होतात किंवा गळतात. दुसरा मार्ग तुटण्याचा आणि घाईघाईने दुरुस्त होण्याचा. त्यात दोन वेगळी गुणसूत्रंही एकमेकांना जोडली जातात. तिसरा मला सगळ्यात विलक्षण वाटतो. 'लाइन-१' ही आपल्या जनुकसंचात स्वतःच्या प्रती करून पसरत गेलेली डीएनए-मालिका. जनुकसंचाचा सुमारे १७ टक्के भाग तिच्याच नव्याजुन्या प्रतींनी व्यापलेला आहे. तिच्याकडे एमआरएनएवरून उलट डीएनए लिहिणारं विकर (एन्झाइम) आहे. ते कधीमधी लाइन-१ सोडून पेशीतला भलताच एमआरएनए हाती धरतं, त्याची डीएनए प्रत करतं आणि ती जनुकसंचात कुठेतरी शिरवून देतं.

अशी शिरलेली प्रत ओळखायला सोपी असते. तिच्यात इंट्रॉन नसतात, कारण ते एमआरएनएतूनच गेलेले असतात. शेवटी 'ए' अक्षरांची शेपटी असते. आणि शिरण्याच्या जागी दोन्ही बाजूंना साधारण ७ ते २० अक्षरांची एकच मालिका दुहेरी झालेली दिसते. प्रतीत प्रथिनाचा मजकूर पुरा असला तरी प्रमोटर, म्हणजे वाचन सुरू करून देणारा भाग, बहुधा मागेच राहिलेला असतो. घर बांधून झालं पण विजेचा मीटर बसला नाही, तसं. म्हणून माणसात अशा हजारो प्रती नुसत्याच पडून आहेत आणि त्यांत अक्षरबदल साचत चालले आहेत. एखादी प्रत मात्र दुसऱ्या चालत्या जनुकाच्या इंट्रॉनमध्ये, सरळ दिशेने, शिरते. तिला त्या जनुकाचा प्रमोटर आयता मिळतो, आणि त्या जनुकाचे आधीचे एक्झॉनही मिळतात.

दक्षिण अमेरिकेतल्या निशाचर माकडांत, एओटसमध्ये, नेमकं हे झालं. या माकडांच्या पेशींना एचआयव्ही-१ ची लागण होत नाही हे माहीत होतं, कारण उमगत नव्हतं. २००३ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली: या पेशींना सायक्लोस्पोरिन दिलं, म्हणजे मूत्रपिंड बदलल्यावर रुग्णाला देतात तेच औषध, की विषाणू आत शिरून बिनघोर काम करू लागतो. सायक्लोस्पोरिन सायक्लोफिलिन-ए या प्रथिनाला चिकटतं. आणि सायक्लोफिलिन एचआयव्हीच्या कवचाला चिकटतं, हे १९९३ पासून ठाऊक होतं. पण माणसाच्या पेशीतही सायक्लोफिलिन मुबलक आहे, आणि तिथे ते विषाणूला अडवत नाही, उलट त्याला मदतच करतं. मग माकडात ते वैरी कसं झालं?

उत्तर २००४ मध्ये जेरेमी लुबान यांच्या गटाने दिलं. एओटसच्या ट्रिम-५ या विषाणूंना अडवणाऱ्या जनुकात, सातव्या आणि आठव्या एक्झॉनच्या मधल्या इंट्रॉनमध्ये, सायक्लोफिलिनच्या एमआरएनएची पूर्ण प्रत लाइन-१ च्या हातून शिरलेली सापडली. तिच्यात इंट्रॉन नाहीत, शेपटी आहे, कडेला दुहेरी मालिका आहे. सगळ्या खुणा जागच्या जागी. स्प्लाइसोझोम ट्रिम-५ चे पहिले सात एक्झॉन घेतो आणि पुढे आठव्याऐवजी हा सायक्लोफिलिन जोडतो. सायक्लोफिलिनच्या मजकुराआधीचा, एरवी प्रथिनात न येणारा थोडासा भागही त्यात वाचला जातो. त्या भागात 'थांबा' नव्हता आणि चौकटही जुळत होती. तिथे एखादं अक्षर कमी-जास्त असतं तर हे जनुक कधी झालंच नसतं.

निघालेल्या प्रथिनाचं नाव ट्रिम-सिप. त्याचं काम समजायला ट्रिम-५ कळायला हवं. ट्रिम-५ च्या सुरुवातीच्या भागात युबिक्विटिनची, म्हणजे प्रथिनाला चिकटवायच्या छोट्या प्रथिनाची, खूण लावणारं 'रिंग', मग 'बी-बॉक्स' आणि मग दोन रेणूंना एकमेकांत पिळून धरणारी लांब गुंडाळी आहे. या भागांमुळे ट्रिम-५ चे रेणू जोडीने राहतात आणि विषाणूच्या कवचावर षटकोनी जाळं विणतात. शेवटचा भाग, स्प्राय, कवच ओळखतो. एओटसमध्ये ओळखणारा भाग बदलला आणि त्या जागी सायक्लोफिलिन आला. एकटा सायक्लोफिलिन कवचाला हलकेच धरतो आणि सोडून देतो. पण एचआयव्हीचं कवच सुमारे दीड हजार सारख्याच प्रथिन-रेणूंचं असतं, आणि जाळ्यात बांधलेले अनेक सायक्लोफिलिन एकाच वेळी ते धरतात, तेव्हा पकड सुटत नाही. कवच अवेळी फुटतं आणि विषाणूचा पुढचा कार्यक्रम थांबतो. धरण्याचं काम जुनंच, जाळं विणण्याचंही जुनंच. दोन्ही एका रेणूत आली आणि विषाणूविरुद्धचं एक नवं हत्यार तयार झालं. सायक्लोफिलिनचं मूळ जनुक मात्र आपल्या जागी शाबूत आहे, कारण प्रत एमआरएनएवरून निघाली होती. पेशीचं रोजचं काम अडलं नाही.

२००८ मध्ये आणखी मोठं आश्चर्य समोर आलं. आशियातल्या मकाक माकडांतही ट्रिम-सिप आहे, आणि ते स्वतंत्रपणे घडलेलं आहे. तिथे सायक्लोफिलिनची प्रत आठव्या एक्झॉनच्याही पलीकडे शिरली आहे, आणि सहाव्या इंट्रॉनच्या शेवटच्या 'एजी'तलं अक्षर बदलल्यामुळे सातवा एक्झॉन गाळला जातो. म्हणजे एकाच विषाणू-घराण्याशी लढताना तीच जोडणी दोन वेगळ्या वाटांनी दोनदा जमली. हे जनुक भारतीय वंशाच्या काही ऱ्हीसस माकडांतही सापडतं. पण बहुतेक मकाकांचं ट्रिम-सिप एचआयव्ही-१ ला अडवू शकत नाही. त्याच्या सायक्लोफिलिनात नंतर झालेल्या बदलांमुळे ओळख दुसऱ्या विषाणूंकडे, जसं एचआयव्ही-२ कडे, वळली आहे. शेपटी आखूड असलेल्या मकाकांत, मकाका नेमेस्ट्रिनात, हेच रूप पसरलं आहे, आणि एचआयव्ही-१ ची लागण होऊ शकणाऱ्या मोजक्या माकडांत ते मोडतात. नव्या जनुकाचा उपयोग असा समोरच्या शत्रूवर ठरतो.

फळमाशीतलं जिंगवेई हे जनुक याच जातीचं, आणि शोधाच्या इतिहासात त्याचं स्थान मोठं आहे. आफ्रिकेतल्या ड्रोसोफिला याकुबा आणि तेइस्सिएरी या माश्यांत अल्कोहोल डिहायड्रोजनेजच्या जनुकाची इंट्रॉन नसलेली एक प्रत सापडली होती, आणि १९९१ मध्ये ती मेलेली प्रत म्हणून नोंदली गेली. मान्युआन लाँग आणि चार्ल्स लँगली यांनी १९९३ मध्ये दाखवलं की ती जिवंत आहे. ती 'यांडे' नावाच्या जनुकाच्या आत बसली आहे, त्याचे सुरुवातीचे एक्झॉन घेऊन वाचली जाते, आणि यांडे ही मुळात दुसऱ्या एका जनुकाची दुहेरी प्रत असल्याने त्या मूळ जनुकाचं काम अबाधित राहिलं. जिवंतपणाचा पुरावा अक्षरबदलांच्या मोजणीतून मिळाला. मेलेल्या प्रतीत अमिनो आम्ल बदलणारे आणि न बदलणारे बदल सारख्याच दराने साचायला हवेत. एकाच जातीच्या माश्यांची आपसांत तुलना केली तेव्हा फरक जवळपास सगळे न बदलणारे निघाले. म्हणजे अमिनो आम्ल बिघडवणाऱ्या बदलांची छाटणी चालू होती. पुढे विकराची परीक्षा झाली, तेव्हा ते लांब साखळीच्या अल्कोहोलांवर अधिक चांगलं चालतं असं दिसलं. हे सगळं गेल्या सुमारे २०-२५ लाख वर्षांतलं.

आतापर्यंतची उदाहरणं ऐकून असं वाटेल की तुकडे नेहमी शहाणे, घडी घेतलेले असतात. तसं नाही. मक्याचं टी-अर्फ-१३ हे जनुक घ्या. ते 'टेक्सास कोशद्रव्य' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मक्याच्या मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात, आहे. त्यातला प्रथिनाचा बहुतेक मजकूर २६एस रायबोसोमल आरएनएच्या (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या एका भागाच्या) जनुकातून आणि त्याच्या शेजारच्या पट्ट्यातून आलेला आहे, म्हणजे ज्यातून प्रथिन कधी निघतच नाही अशा जागेतून. वनस्पतींच्या मायटोकाँड्रियात पुनरावृत्त पट्ट्यांमधून डीएनएची सतत उलथापालथ होते. त्या उलथापालथीत हे तुकडे जुळले आणि त्यांच्या आधी एटीपी-६ जनुकाच्या वरच्या भागाची प्रत येऊन बसली. प्रमोटर मिळाला, ११५ अमिनो आम्लांचं, १३ किलोडाल्टनचं प्रथिन वाचलं जाऊ लागलं आणि ते मायटोकाँड्रियाच्या आतल्या पटलात जाऊन रुतलं.

त्याचा पहिला परिणाम म्हणजे परागकण वांझ होतात. संकरित बियाणं बनवणाऱ्यांसाठी हे वरदानच, कारण मादी ओळीचे तुरे हाताने खुडण्याची मजुरी वाचते. अमेरिकेत १९७० पर्यंत मक्याच्या संकरित बियाण्याचा फार मोठा हिस्सा, सुमारे ८५ टक्के, या एकाच कोशद्रव्यावर आला. दुसरा परिणाम तेव्हा उघड झाला. कोक्लिओबोलस हेटेरोस्ट्रोफस या करपा आणणाऱ्या बुरशीच्या 'रेस टी' या प्रकाराचं विष नेमकं याच प्रथिनाला चिकटतं, पटलात भोकं पडतात आणि मायटोकाँड्रिया फुगून निकामी होतात. त्या हंगामात करपा दक्षिणेकडून उत्तरेकडे पसरत गेला आणि देशाचं सुमारे १५ टक्के मका-पीक गेलं. मिथोमिल हे कीटकनाशकही याच प्रथिनामार्फत असाच घात करतं. दोष याच एका जनुकाचा, हे पुढे दोन बाजूंनी पक्कं झालं. हे जनुक ई. कोलाय जिवाणूत घातलं तेव्हा जिवाणू विषाला बळी पडू लागला. आणि ऊतिसंवर्धनातून काही रोपं अशी निघाली की परागकण सुपीक आणि करप्याला दाद न देणारी. त्यांच्यातून टी-अर्फ-१३ गळालं होतं, आणि एका रोपात ५ अक्षरं जास्तीची घुसून चौकट मोडली होती. आपल्याकडच्या सूर्यफुलाच्या संकरित बियाण्यामागेही मायटोकाँड्रियातलं असंच एक जुळवून झालेलं जनुक आहे. करप्याचा तो धोका मात्र टी-अर्फ-१३ पुरताच आहे, सगळ्या नरवंध्य वाणांना तो लागू नाही. शेतकरी मित्र हे आवर्जून विचारतात म्हणून सांगतो.

हीच जोडणी बीजपेशीत न होता अस्थिमज्जेतल्या एका पेशीत झाली तर ती वारसाने पुढे जात नाही, पण त्या माणसाचा घात करते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात ९ आणि २२ क्रमांकाची गुणसूत्रं तुटून अदलाबदल होते आणि बीसीआर आणि एबीएल या दोन जनुकांचं बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होतं. एबीएल दुसऱ्या एक्झॉनच्या आधीच्या फार लांबलचक पट्ट्यात कुठेही तुटतं. रुग्णागणिक जागा वेगळी. तरी एमआरएनएत बीसीआरचा १३ वा किंवा १४ वा एक्झॉन एबीएलच्या दुसऱ्या एक्झॉनला चोख जोडलेला मिळतो, आणि दोन्हीत चौकट जुळते. म्हणूनच डीएनएतला सांधा प्रत्येकाचा निराळा असूनही बहुतेक रुग्णांवर एकच आरटी-पीसीआर तपासणी, म्हणजे एमआरएनएतला सांधा शोधणारी, चालते. एबीएलचं स्वतःला आवरून धरणारं टोक गेलेलं असतं, आणि बीसीआरची गुंडाळी रेणूंना एकत्र आणून कायम चालू ठेवते. एक कुलूप गेलं आणि एक चालना आली, एवढ्यावर रक्ताचा कर्करोग उभा राहतो.

आता जे प्रयोगशाळेत बसून अशी जनुकं शोधतात त्यांच्यासाठी, कारण संशोधन सुरू केलेली मुलं हेच विचारतात: संगणकाने दाखवलेलं जोडजनुक खरं मानायचं कधी? एमआरएनएच्या माहितीवर एकट्यावर कधीच नाही. उलट-लेखन करणारं विकर एका साच्यावरून मध्येच दुसऱ्या साच्यावर उडी मारतं आणि नळीतच खोटं जोडजनुक तयार होतं. सांध्यापाशी दोन्ही जनकांत, म्हणजे तुकडे देणाऱ्या मूळ जनुकांत, चारदोन सारखी अक्षरं असतील, आणि सांध्याच्या कडेला 'जीटी-एजी' नसेल, तर शंका घ्याच. दुसऱ्या कंपनीचं विकर, शक्यतो वेगळ्या जातीचं, वापरून पुन्हा करा. विकर न घातलेली नळी सोबत ठेवा.

मग डीएनएकडे जा. एक प्रायमर एका जनकाच्या तुकड्यात आणि दुसरा दुसऱ्या जनकाच्या तुकड्यात, असं ठेवून सांध्यावरून पीसीआर करा, आणि तेही नातं नसलेल्या निदान चारपाच प्राण्यांवर. सांधा एकाच नमुन्यात मिळाला तर ती त्या नमुन्यापुरती घटना असू शकते. सीक्वेन्सिंगची दीडशे अक्षरी आखूड वाचनं नवी प्रत आणि मूळ जनुक यांत गोंधळ करतात, कारण दोघांचा मजकूर जवळजवळ सारखा असतो. इथे सांध्याच्या दोन्ही कडा एका दमात ओलांडणारी लांब वाचनंच हवीत. जवळच्या दोनतीन जाती तपासून सांधा कोणत्या फांदीवर आला ते ठरवा.

बदलांची मोजणी करताना नव्या जनुकाच्या प्रत्येक तुकड्याची तुलना त्याच्या त्याच्या जनकाशी वेगळी करा, सबंध जनुकाची सरसकट करू नका. फार ताज्या जनुकात बदलच इतके कमी असतात की प्रमाण काढून काही सिद्ध होत नाही. तिथे एकाच जातीतल्या अनेक प्राण्यांची तुलना कामी येते. जनक आणि प्रत यांच्यात मधूनमधून मजकुराची नक्कल होत असेल तर फरक पुसले जातात आणि जनुक आहे त्यापेक्षा तरुण भासतं. अशा वेळी कडेच्या, नक्कल न झालेल्या पट्ट्यावरून वय काढा. सर्वांत शेवटी, प्रथिन खरोखर बनतं का हे मास स्पेक्ट्रोमेट्रीत बघा, आणि शोधायचा पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, सांध्यावरचाच निवडा. जनकांच्या पोटातला पेप्टाइड सापडून काहीच कळत नाही, कारण तो जनकाचाही असू शकतो. ट्रिप्सिनने कापल्यावर सांध्याचा पेप्टाइड फार आखूड किंवा फार लांब पडत असेल, तर तो यंत्रात दिसणारच नाही; मग कापायला दुसरं विकर, ग्लू-सी किंवा कायमोट्रिप्सिन, घ्या.